‘आयर्न माईक’ आणि चिवटपणाची किंमत

आपल्या मंडळातल्या अनेक घरांत अमेरिकन फुटबॉल शिरला तो मुलांच्या मागोमाग, आणि आता तर नातवंडंही खेळू लागली आहेत. चेंडू हातात घेऊन पळायचं आणि नाव मात्र फुटबॉल, याचं हसू केव्हाच ओसरलं. म्हणूनच या खेळातल्या एका माणसाची हकीकत आपल्याला ठाऊक असावी, असं मला वाटतं.

माईक वेबस्टर १९५२ साली विस्कॉन्सिनमधल्या टोमाहॉक गावी जन्मला. घरची बटाट्याची शेती. १९७४ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सने त्याला पाचव्या फेरीत घेतलं, तेव्हा त्याच्या आधी १२४ नावं पुकारून झाली होती. त्याच वर्षी निवडलेले लिन स्वान, जॅक लॅम्बर्ट, जॉन स्टॉलवर्थ आणि हा वेबस्टर असे चौघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले.

त्याची जागा सेंटरची. क्वार्टरबॅकपुढे जी माणसांची भिंत असते, तिच्या मधोमध सेंटर वाकून उभा असतो. दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरून येणाऱ्या धिप्पाड गड्याला अडवायचं. टाळ्या मिळतात चेंडू नेणाऱ्याला. टक्कर मात्र प्रत्येक डावाला, सामन्यात साठ-सत्तर वेळा. समोरच्याच्या हेल्मेटवर पंजाने फटका मारण्याची मुभा १९७७ पर्यंत होती. लाईनमनना हात लांब करून, पंजे उघडे ठेवून अडवण्याची मोकळीक १९७८ मध्ये मिळाली. तोवर अडवायचं ते बव्हंशी खांद्याने आणि डोक्याने.

वेबस्टरने हे १७ हंगाम केलं. २४५ सामने, चार सुपर बोल विजय, नऊ वेळा प्रो बोलसाठी निवड. १९७४ ते १९८५ या बारा हंगामांत त्याचा एकही सामना चुकला नाही. सलग १७७! १९८६ मध्ये कोपर निखळलं म्हणून चार सामने बाहेर बसला, इतकंच. बर्फाळ थंडीतही उघड्या दंडांनी खेळणाऱ्या या गड्याला पिट्सबर्गकरांनी ‘आयर्न माईक’ म्हटलं.

१९९० च्या हंगामानंतर तो थांबला, आणि मग सारंच ढासळलं. स्मरणशक्ती गेली, पैसा गेला, संसार मोडला. काही रात्री त्याने आपल्या ट्रकमध्ये नाहीतर रेल्वे स्टेशनवर काढल्या. १९९७ मध्ये हॉल ऑफ फेमचा सन्मान स्वीकारतानाही त्याचं भाषण भरकटत राहिलं. त्याचं अपंगत्व खेळातल्या डोक्याच्या दुखापतींमुळे आलं, हे लीगच्याच निवृत्तिवेतन मंडळाने १९९९ मध्ये मान्य केलं. तरी ते नेमकं कधीपासूनचं, यावर वाद सुरू राहिला. अपील न्यायालयाने वारसांच्या बाजूने निकाल दिला तो २००६ मध्ये. तोवर माईक उरला नव्हता. २४ सप्टेंबर २००२ रोजी, पन्नासाव्या वर्षी तो गेला.

शवविच्छेदन करणारे डॉ. बेनेट ओमालू हे मूळचे नायजेरियाचे, आपल्यासारखेच बाहेरून आलेले. फुटबॉलचं त्यांना विशेष ज्ञानही नव्हतं. मेंदू वरून अगदी नेहमीसारखा दिसत होता. तरीही त्यांनी तो जपून ठेवला आणि पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यांना टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गाठी सापडल्या. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूत पूर्वी आढळलेला हा विकार फुटबॉलपटूमध्ये दिसल्याचं त्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलं. लीगच्या समितीवरच्या डॉक्टरांनी तो लेख मागे घेण्याची मागणी केली. तो मागे घेतला गेला नाही. फुटबॉलशी या विकाराचा संबंध आहे, असं लीगच्या अधिकाऱ्याने काँग्रेसच्या समितीपुढे सांगितलं ते २०१६ मध्ये.

मी पेशाने इंजिनिअर. धातूचा भाग एका मोठ्या आघाताने मोडतो, तसाच लाखो बारीक झटक्यांनीही मोडतो, आणि वरून शेवटपर्यंत धडधाकट दिसतो. मेंदू म्हणजे धातू नव्हे, पण अभ्यासातून पुढे आलेली गोष्ट फार वेगळी नाही. धोका वाढत जातो तो किती वर्षं खेळलो आणि एकूण किती धक्के खाल्ले यावर, केवळ किती वेळा भोवळ आली यावर नव्हे. म्हणजे ज्या १७७ सामन्यांचं कौतुक झालं, त्यांतच दुखण्याचीही बेरीज चालू होती. प्रत्येक खेळाडूला हा विकार होतोच असं नाही. पण त्याचं पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं, हे विसरू नये.

मुलांनी खेळू नये, असं मी म्हणणार नाही. संघात राहून मुलं पुष्कळ शिकतात. मात्र मुलगा कधी डोकं दुखतंय म्हणाला, तर “एवढ्याने काय होतंय?” हे आपलं ठेवणीतलं वाक्य तोंडातच ठेवावं. दुखणं अंगावर काढणाऱ्याचं कौतुक करण्याची खोड काही एकट्या अमेरिकेची नाही.