मोबाईलवर कॉलेज प्रोजेक्टचा व्हिडिओ : आमच्या चुका, तुमचा फायदा

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी आम्हा चौघांना चार मिनिटांची डॉक्युमेंट्री करायची होती. विषय घेतला गल्लीतली पिठाची गिरणी, कारण ती आठवडाभरात बंद होणार होती. चित्र झकास आलं. रूमवर येऊन हेडफोन लावले, तर काकांचं बोलणं पट्ट्याच्या खडखडाटात गडप! परत गेलो तेव्हा गिरणीला कुलूप होतं आणि काका गावी गेले होते. शेवटी आठवेल तसं सबटायटलमध्ये लिहिलं. त्यातली दोन वाक्यं काकांची होती की आमची, हे आजही सांगता येणार नाही.

म्हणून आधी आवाज बघा. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की त्याचा आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो, गोंगाट मात्र जवळपास तेवढाच राहतो. आम्ही कॅमेरा दहा फुटांवर ठेवला होता, मग दुसरं काय होणार? वेगळा माइक नसेल तर मित्राचा फोन घ्या, एअरप्लेन मोड लावा, व्हॉइस रेकॉर्डर चालू करून बोलणाऱ्याच्या शर्टाच्या खिशात ठेवा. बहुतेक फोनचा मुख्य माइक खालच्या कडेला असतो, तेव्हा फोन उलटा ठेवायचा. दोन्ही रेकॉर्डिंग सुरू झाली की एक जोरात टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये दोन्ही वेव्हफॉर्मवर तिचं टोक स्पष्ट दिसतं, ती टोकं जुळवली की काम झालं.

तरी दोन-तीन मिनिटांनी ओठ आणि आवाज सुटे पडू शकतात. फोन बऱ्याचदा फ्रेम रेट एकसारखा ठेवत नाही, उजेड कमी झाला की तो खाली आणतो, आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअर त्याने गोंधळतात. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून फाइल बदलून घ्या, मगच एडिटिंगला बसा. (आम्हाला हे सबमिशनच्या आदल्या रात्री कळलं.)

ट्यूबलाइटखाली व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसले तर फोन बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा.

फोरकेचा मोह आवरा. आयफोनवर हाय एफिशियन्सी फॉरमॅटमध्ये 30 फ्रेमचा 1080पी व्हिडिओ मिनिटाला साधारण 60 एमबी घेतो, तोच फोरके 170 एमबी. प्रोजेक्टरवर दाखवायचंय ना? 1080पी भरपूर झालं.

आणि ग्रुपमध्ये क्लिप पाठवताना व्हॉट्सअॅपवर गॅलरीतून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नाहीतर ती कॉम्प्रेस होऊन जाते आणि एडिट करणाऱ्याच्या हाती धुरकट व्हिडिओ पडतो.