विद्यापीठाचे संशोधन कसे वाचावे? कलकत्ता विज्ञान महाविद्यालयाचा धडा

एखाद्या मोठ्या विद्यापीठाचे संशोधन किती, असे विचारले की उत्तरादाखल आपल्यापुढे आकडे ठेवले जातात : वर्षभरातील शोधनिबंध, पेटंटे, पीएच.डी. पदव्या. हे आकडे निरुपयोगी नाहीत. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यासोबत आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. जे संशोधन झाले ते कशामुळे होऊ शकले? आणि जे झाले नाही, ते का झाले नाही? कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयाचे उदाहरण घेऊन या पाठात आपण या प्रश्नांचा विचार करू.

१. केवळ परीक्षा घेणारे विद्यापीठ

कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठे १८५७ साली स्थापन झाली. त्यांची रचना लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. महाविद्यालयांना संलग्नता देणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे त्यांचे काम. विज्ञानाचे अध्यापन महाविद्यालयांत होई. जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांचे सुरुवातीचे संशोधन प्रेसिडेन्सी कॉलेजात झाले. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेली 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्थाही विद्यापीठाबाहेरची होती.

१९०४ साली लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत विद्यापीठ कायदा आला. त्यामुळे विद्यापीठांवरचा सरकारी ताबा वाढला, म्हणून राष्ट्रीय विचारांच्या नेत्यांनी त्याला कडाडून विरोध केला. मात्र याच कायद्याने विद्यापीठांना स्वतःचे प्राध्यापक नेमण्याची आणि प्रयोगशाळा चालवण्याची मुभाही दिली. १९०६ साली कुलगुरू झालेले आशुतोष मुखर्जी स्वतः गणिती होते आणि उच्च न्यायालयाचे न्यायाधीशही होते. कायद्यातील ही वाट त्यांनी नेमकी हेरली. प्रश्न उरला तो पैशाचा.

२. देणगी आणि तिची अट

सरकारकडून पुरेसा पैसा मिळाला नाही. तो दोन वकिलांनी दिला. तारकनाथ पालित यांनी १९१२ साली रोख रक्कम आणि मालमत्ता मिळून सुमारे १५ लाख रुपयांचे दान केले. पुढच्या वर्षी रासबिहारी घोष यांनी १० लाख रुपये दिले. २७ मार्च १९१४ रोजी विज्ञान महाविद्यालयाची पायाभरणी झाली.

या देणग्यांतून निर्माण झालेल्या अध्यासनांवर भारतीयांचीच नेमणूक व्हावी, अशी अट होती. ही अट समजून घ्यायची तर त्या काळच्या सरकारी शिक्षणसेवेकडे पाहावे लागते. वरची पदे प्रामुख्याने युरोपीय लोकांकडे असत. जगदीशचंद्र बोस यांना युरोपीय सहकाऱ्यांपेक्षा कमी पगार देऊ केला गेला, तेव्हा त्यांनी निषेध म्हणून तीन वर्षे पगारच घेतला नाही. अशा परिस्थितीत 'भारतीयच' या अटीमुळे संशोधनाची दारे प्रथमच हक्काने उघडली.

प्रफुल्लचंद्र राय रसायनशास्त्राचे पालित प्राध्यापक झाले. चंद्रशेखर वेंकट रामन अर्थखात्यातली सरकारी नोकरी सोडून १९१७ साली भौतिकीचे पालित प्राध्यापक झाले. घोष अध्यासनांवर गणेश प्रसाद, देवेंद्रमोहन बोस, प्रफुल्लचंद्र मित्र आणि शंकर पुरुषोत्तम आघारकर यांची नेमणूक झाली. आघारकर मूळचे मालवणचे, वनस्पतिशास्त्रज्ञ. मराठी माणूस बंगालच्या विद्यापीठात, तमिळ माणूस त्याचा सहकारी. ही संस्था केवळ एका प्रांताची नव्हती, हे यावरून दिसते.

३. अध्यापनातून संशोधन

१९१६ च्या सुमारास येथे पदव्युत्तर वर्ग सुरू झाले. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे दोघे नुकतेच गणितात एम.एस्सी. झालेले तरुण तेथे अध्यापक झाले आणि भौतिकी शिकवू लागले. नवी भौतिकी मुख्यतः जर्मन भाषेत होती. ती शिकवायची तर आधी स्वतः शिकणे भाग होते. त्यांनी आइन्स्टाइन आणि मिन्कोव्स्की यांचे सापेक्षतेवरील निबंध इंग्रजीत आणले आणि १९२० साली कलकत्ता विद्यापीठाने ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले.

त्याच वर्षी साहांचा सूर्याच्या वर्णावरणातील आयनीभवनावरील निबंध 'फिलॉसॉफिकल मॅगझिन'मध्ये आला. तापमान आणि दाब यांनुसार वायूतील किती अणू इलेक्ट्रॉन गमावतात, हे त्यांचे समीकरण सांगते. ताऱ्यांच्या वर्णपटावरून त्यांचे तापमान ओळखण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

४. सिद्धान्त आणि उपकरणे

येथे आपला दुसरा प्रश्न येतो. साहांच्या सिद्धान्ताला लागला तो कागद, पेन्सिल आणि उत्तम वाचन. तो प्रयोगाने पडताळायचा तर उपकरणे हवी होती. त्यासाठी साहा लंडनला फाउलर यांच्याकडे आणि नंतर बर्लिनला नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत गेले. परत आल्यावर येथे पुरेसा निधी मिळेना, म्हणून १९२३ साली ते अलाहाबादला गेले. बोस त्याआधीच, १९२१ साली, ढाक्याला गेले होते. बोस यांचा १९२४ चा जगप्रसिद्ध निबंध ढाक्याहून लिहिला गेला. मग तो कोणत्या विद्यापीठाच्या खात्यावर मांडायचा? त्याची तयारी कलकत्त्यात झाली होती.

रामन परिणामाची गोष्टही अशीच. २८ फेब्रुवारी १९२८ च्या या शोधाला १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले. रामन विद्यापीठाचे प्राध्यापक होते, पण प्रयोग झाले ते बहूबाजार रस्त्यावरील असोसिएशनच्या प्रयोगशाळेत. यादीत एकाच संस्थेचे नाव लिहिले की हे सहकार्य झाकले जाते.

अभियांत्रिकीच्या बाजूने वाटचाल संथ झाली. घोष यांच्या पुढच्या देणगीतून उपयोजित भौतिकी आणि उपयोजित रसायन यांचे अध्यापन उभे राहिले. शिशिरकुमार मित्र यांनी बिनतारी संदेशवहनाचे शिक्षण सुरू केले, रेडिओ लहरींच्या मदतीने आयनांबराचा अभ्यास केला आणि १९४७ साली 'द अपर अॅटमॉस्फिअर' हा ग्रंथ लिहिला. १९४९ साली त्यांच्या प्रयत्नांतून रेडिओ भौतिकी आणि इलेक्ट्रॉनिकीची स्वतंत्र संस्था विद्यापीठात आली.

१९३८ साली परत आलेल्या साहांनी सायक्लोट्रॉनचा ध्यास घेतला. टाटा विश्वस्तनिधीची मदत मिळाली, अमेरिकेतून भाग मागवले. पण महायुद्धात निर्वात पंप आणणारे जहाज बुडाले. यंत्र पूर्ण व्हायला पुढे बरीच वर्षे गेली. कल्पना आणि माणसे होती, पण त्यांना लागणारे यंत्र बनवणारा उद्योग देशात नव्हता. म्हणजेच प्रयोगविज्ञानाची आणि अभियांत्रिकीची मर्यादा केवळ विद्यापीठाची नसते, भोवतालच्या अर्थव्यवस्थेचीही असते.

५. निष्कर्ष

या इतिहासातून तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, संशोधनासाठी केवळ इमारत पुरत नाही, संशोधन हेच ज्यांचे काम आहे अशी स्थिर पदे लागतात. दुसरी, जिथे साधने तुटपुंजी असतात तिथे सिद्धान्त आधी फुलतो आणि प्रयोग मागे राहतो. केवळ निबंध मोजले तर हा असमतोल दिसत नाही. तिसरी, विद्यापीठाचे फलित माणसांमधूनही बाहेर जाते. आघारकर कलकत्त्याहून निवृत्त होऊन पुण्याला आले आणि १९४६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे संस्थापक-संचालक झाले. आज ती संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते. कलकत्त्याच्या कोणत्याही वार्षिक यादीत तिची नोंद सापडणार नाही.

स्वाध्याय : तुमच्या विद्यापीठाचा वार्षिक अहवाल ग्रंथालयातून मिळवा. कोणत्याही एका विभागाचे संशोधन निवडा आणि पाहा : पैसा कोणी दिला, पद कायम होते की तात्पुरते, प्रयोग कोणाच्या प्रयोगशाळेत झाले आणि ते काम करणारे विद्यार्थी पुढे कुठे गेले. मिळालेली उत्तरे प्रसिद्ध आकड्यांशेजारी मांडा आणि दोहोंतील फरकावर एक परिच्छेद लिहा.