जुनी गिरणी आणि रिकामे हात

देशात रोजगार किती, हे पाहताना पाश्चात्य अर्थशास्त्रज्ञ २५ ते ५४ वर्षे वयाचे शेकडा किती पुरुष कामावर आहेत, तेही मोजतात. नुसती बेकारांची मोजदाद पुरत नाही; कारण जो काम शोधण्याचेच सोडतो, तो बेकारांच्या यादीतून गळतो.

आमच्या सोलापुरात अशा वयाच्या पुरुषांचा मोठा आधार म्हणजे १८७७ साली सुरू झालेली 'जुनी गिरणी'. २७ ऑगस्ट १९४९ रोजी ती बंद पडली आणि ऐन उमेदीतले हजारो कामगार रिकामे झाले. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने वटहुकूम काढून कारभार हाती घेतला. कापडाच्या उत्पादनाबरोबर बेकारीचेही कारण त्यात नमूद होते, ही गोष्ट मला मोठी वाटते.

चिरंजीतलाल चौधरी या भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर १९५० मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ती फेटाळली गेली. परंतु १९५३ च्या अखेरीस द्वारकादास श्रीनिवास यांच्या दाव्यात त्याच न्यायालयाने, हा ताबा म्हणजे भरपाईवाचून मालमत्ता हिरावणे होय, असे ठरविले. भागधारकाच्या मालमत्तेस मूलभूत हक्काचे कवच होते. मजुराच्या रोजगारास केवळ मार्गदर्शक तत्त्वांचा आधार, आणि त्यावर फिर्याद चालत नाही!

१९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने लोकहितार्थ ठराविक मुदतीपुरता कारभार हाती घेण्याची मुभा दिली. गिरणी मात्र पुढे कायमचीच बंद झाली, आणि शहरातील कित्येक चुली बायकांनी वळलेल्या विड्यांवर पेटत राहिल्या.