नव्या घराचा रंग आणि ‘कधी कळलं?’ हा प्रश्न

मध्यंतरी आमच्या नव्या घराचं रंगकाम चालू होतं. रंगाच्या डब्यावर शिशाच्या प्रमाणाची बारीक अक्षरातली ओळ दिसली आणि मी तिथेच अडकलो. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा आली २०१६च्या नियमांनी. ती लागू झाली नोव्हेंबर २०१७पासून. मग शिसं घातक आहे हे कळलं कधी?

संशोधनाची तयारी करताना तुम्हालाही असा प्रश्न पडेल. पण तो जरा फसवा आहे. कसा ते बघा.

सफेता म्हणजे शिशाचा पांढरा रंग. भिंत चांगली झाकतो, टिकतो, म्हणून तो सगळीकडे वापरात होता. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचे डॉक्टर लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये लेख लिहिला: मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेचं मूळ रंगवलेल्या कठड्यांत आणि खोल्यांच्या भिंतींत आहे. रंगाची भुकटी हाताला लागते, हात तोंडात जातो. पुढे १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने करार केला: इमारतींच्या आतल्या रंगकामात सफेता नको. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर बंदी आली १९७८ मध्ये.

आता मोह होतो लिहायचा, ‘१९०४ पासून माहीत होतं, तरी कुणी काही केलं नाही.’ थांबा! आधी १९२१चा करार नीट वाचा. रेल्वे स्टेशनं आणि कारखान्यांसाठी त्यात सवलतीची वाट ठेवली आहे. औद्योगिक स्वरूपाच्या रंगकामात सफेता हाताळायला स्त्रियांना आणि १८ वर्षांखालच्या मुलग्यांना मनाई आहे. म्हणजे हा कायदा घरात राहणाऱ्या मुलाचा नाही, रंगाऱ्याचा आहे. गिब्सन बोलतात मुलाबद्दल, करार बोलतो मजुराबद्दल. विष एकच, पण कागद दोन वेगळ्या कपाटांत. तुम्ही फक्त ‘बालआरोग्य’ शोधलंत तर दुसरं कपाट उघडणारच नाही. शिवाय करार बांधतो तो मान्यता देणाऱ्या देशांनाच; करार झाला म्हणून भिंतीवरचा रंग बदलला असं होत नाही.

आकड्यांचंही तसंच. करारात पांढऱ्या रंगद्रव्यात २ टक्के शिसं चालतं. २ टक्के म्हणजे दहा लाखांत २०,०००, आणि आपली मर्यादा ९०! वाक्य झकास होईल, पण चुकीचं. एक आकडा रंगद्रव्यापुरता आहे, दुसरा रंगाचा. मोजायचा पायाच वेगळा असेल तर तुलना करू नका.

म्हणून ‘कधी कळलं?’ऐवजी असं विचारा: कुणाला कळलं, कुणाच्या शरीराबद्दल कळलं, आणि ते कुठल्या कागदात नोंदलं गेलं?

आमच्याकडे पुट्टी घासणारा मुलगा तोंडाला काही न बांधताच काम करत होता. रुमाल दिला तर हसला. म्हणाला, “दादा, ही धूळ काहीच नाही. जुन्या घरांचा रंग खरवडतो ना, तेव्हा बघा.”

डब्यावरची ओळ नव्या रंगाबद्दल आहे. तो खरवडतो त्या जुन्या थरांबद्दल ती काहीच सांगत नाही. माझ्या वहीत पुढचा प्रश्न तोच आहे.