गांवचें दप्तर कोणाचें?

धर्माबादच्या बाजारांत घटकाभर उभें राहिल्यास एका दुकानीं मराठी, दुसऱ्या दुकानीं तेलुगू आणि तिसऱ्या दुकानीं दखनी कानीं पडते. लाल मिरचीबद्दल नांवाजलेलें हें नांदेड जिल्ह्यांतील गांव तेलंगणाच्या अगदीं उंबऱ्यावर आहे. २०१८ सालीं या तालुक्यांतील कित्येक सरपंचांनीं, आमचीं गांवें तेलंगणांत सामील करा, अशी मागणी केली आणि त्या निमित्तानें ही सरपंचमंडळी वर्तमानपत्रांत झळकली. परंतु सरपंचाशेजारीं वही उघडून बसणारा जो मनुष्य, त्याचें नांव कोणी पुसलें नाहीं. त्या लेखनिकाचा पूर्ववृत्तांत वाचकांपुढें ठेवावा, असें आम्हांस वाटतें.

जुन्या गांवगाड्यांत पाटील व कुलकर्णी ही जोडी असे. कागदावर पाटलाची निशाणी नांगर, तर कुलकर्ण्याची दौत-लेखणी; कोणाचें काम काय, हें त्या दोन चित्रांतच आलें. पाटलास अक्षरओळख नसली तरी चाले, कुलकर्ण्यास नसून भागत नसे. यांपैकीं लोकांनीं निवडलेला कोणीच नव्हे, दोघेही वतनदार. १८६५ सालीं पहिल्या सालारजंगांनीं निजामी मुलखांत जिल्हाबंदी केली. त्या राज्यांत वसुलीस माली पटेल, बंदोबस्तास पोलीस पटेल आणि लिहिण्यास पटवारी, अशी गांवकामगारांची वांटणी होती. पटवाऱ्याची लेखणी मोडींत चाले, वरून हुकूम उर्दूंत येई आणि या सीमेवरच्या पुष्कळशा रयतेचें गाऱ्हाणें तेलुगूंत असे. तिघांच्या मध्यें उभा असलेला मनुष्य एकच, आणि दप्तर रुमालांत बांधून त्याच्याच घरीं! आपल्या शेतापुढें कोणाचें नांव चढलें आहे, हें कुणब्यास त्याच्याच तोंडून ऐकावें लागे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे पूर्वज याच लेखणीवर पोसले गेले. तरीही लिहिणें प्राप्त आहे कीं, गांवांत पटवाऱ्याविषयीं आदरापेक्षां धास्ती अधिक असे.

त्या अक्षरांचें मोल अद्यापि संपलेलें नाहीं. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें मराठवाड्यांतील निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हां मोडी व उर्दू वाचणारे लोक हुडकण्याची पाळी सरकारवर आली.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत नांदेड जिल्ह्याचीं मुधोळ, भैंसा व कुबेर हीं मंडळें आंध्रांत गेलीं. धर्माबाद इकडे राहिलें. पुढें १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आणि १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. पटवाऱ्याचा रुमाल दोन ठिकाणीं सुटला: जमिनीचे कागद तलाठ्याकडे आणि सार्वजनिक कारभाराचे ग्रामसेवकाकडे. घरपट्टीचा नमुना आठ, जन्ममृत्यूची नोंद, ग्रामसभेचें इतिवृत्त, सर्व त्याच्याच हातचें. वंशपरंपरा मोडली, हें उत्तमच झालें. पण नवी व्यवस्था मोठी चमत्कारिक आहे. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर. त्यास नेमणें वा काढणें सरपंचाच्या हातीं नाहीं, आणि तरी ग्रामनिधींतून पैसा काढावयाचा तर दोघांच्याही सह्या लागतात. तो गांवाचा जाणता होतो न होतो तोंच त्याची बदली होते. २०२४ सालीं ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी हीं पदें एक करून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ असें भारदस्त नांव देण्यांत आलें. बदली मात्र टळली नाहीं.

या सहीचें खरें मर्म १९९३ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर उघडें पडलें. स्त्रियांस पंचायतींत एकतृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रांत २०११ पासून निम्म्या झाल्या. ज्या बाईनें चावडीची पायरी कधीं चढली नव्हती ती खुर्चीवर बसली आणि पहिल्याच दिवशीं तिच्यापुढें ठरावाची वही आली. अशा वेळीं लिहिणाऱ्यानें ठराव सावकाश वाचून दाखविला, पैसा कोणत्या कामाचा व कोठें जावयाचा हें सांगितलें, तर सहा महिन्यांत बाई स्वतः प्रश्न विचारूं लागते. त्यानें नुसतें बोट ठेवून ‘ताई, येथें सही करा’ म्हटलें, कीं कारभार यजमानांच्या हातीं गेलाच. ‘सरपंचपति’ हा शब्द मराठींत उगाच रूढ झालेला नाहीं. अशा कारभारास आपण नवऱ्यांस दोष देतों. वही पुढें सरकविणारा हात आपल्या दृष्टीस पडत नाहीं.

पंचायतीचा शिपाई मात्र बहुधा गांवचाच. पाण्याची तोटी केव्हां सोडावयाची, कोणत्या गल्लीखालून जुना नळ गेला आहे, कोणाची पट्टी कां थकली, हें त्यास तोंडपाठ असतें. नवा ग्रामसेवक पहिल्यानें त्यालाच विचारतो. त्याच्या शेजारीं आतां संगणक परिचालक येऊन बसला आहे. पूर्वीं पटवारी बोरूनें जें लिही, त्याच जातीच्या नोंदी हा कळफलकावर करतो, पण मानधनावर. आपणांस कर्मचारी म्हणून मान्यता मिळावी, म्हणून या मंडळींनीं मुंबईस आझाद मैदानावर एकदां नव्हे, अनेकदां धरणें धरलें. आणि तितके दिवस गांवोगांवच्या लोकांचीं दाखल्यांचीं कामें खोळंबून राहिलीं.