ईदच्या दस्तरखानावरचा गार केक

कोल्हापूरच्या मुस्लिमांचा इतिहास सांगायचा म्हटला की आपण ठरलेली नावे घेतो. संगीतात उस्ताद अल्लादिया खाँ, चित्रकलेत आबालाल रहिमान, शिक्षणात राजर्षी शाहू महाराजांच्या आधाराने १९०६ साली उभे राहिलेले मुस्लिम बोर्डिंग. या नावांचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण या इतिहासात बायका जवळजवळ दिसत नाहीत. त्यांचे काम दरबारात झाले नाही, चुलीपाशी झाले. त्याची नोंद कागदावर सापडत नाही, दस्तरखानावर सापडते. म्हणून आम्ही इथे एका साध्या पदार्थाचा माग काढत आहोत. ईदला शिरखुर्म्यानंतर पाहुण्यांपुढे येणारा, फळांचा गार केक.

आधी गारव्याविषयी. थंड खाणे ही एके काळी बादशाही चैन होती. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त शोऱ्याने पाणी गार करण्याची रीत नोंदवली आहे. १५८६ नंतर लाहोरला उत्तरेच्या डोंगरांतून बर्फ आणला जाई, हेही त्याने लिहिले आहे. सामान्यांच्या घरात गारवा यायला पुढे तीनशेहून अधिक वर्षे लागली. बर्फाचे कारखाने निघाले, भुशात गुंडाळलेली लादी बाजारात मिळू लागली आणि उन्हाळ्याच्या रात्री लाकडी पॉट फिरू लागला. बर्फात खडे मीठ मिसळले की ते मिश्रण शून्य अंशाच्याही खाली उतरते, एवढ्याच गोष्टीवर ते आईस्क्रीम जमत असे. १९५८ साली गोदरेजने भारतात फ्रीज बनवला, तरी तो गल्लीबोळातल्या घरांपर्यंत पोचायला आणखी काही दशके गेली.

दूध आणि फळे यांची मात्र कोल्हापूरला वाण नव्हती. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध प्यायची या शहराची सवय सर्वांना ठाऊक आहे. १९६३ साली जिल्ह्याचा सहकारी दूध संघ, म्हणजे आजचा ‘गोकुळ’, स्थापन झाला आणि दुधाला पक्की बाजारपेठ मिळाली. फळांचा व्यापार हा तर आपल्या बागवानांचा पिढीजात धंदा. घाट चढून आलेला कोकणचा हापूस, तासगावची द्राक्षे, केळी, चिकू, डाळिंब. फळाच्या धंद्यात जे आज विकले नाही ते उद्या टिकेलच असे नसते. अति पिकलेल्या फळाचे काय करायचे, हा प्रश्न अशा घरातल्या बाईला रोजचा. इफ्तारच्या फळांच्या चाटपासून दुधातल्या फ्रूट सॅलडपर्यंतची वाट याच प्रश्नातून गेली, असे आम्हाला वाटते.

केक हा शब्द इंग्रजांबरोबर आला. त्यांच्या ‘ट्रायफल’मध्ये केकचे थर, फळे आणि कस्टर्ड असते, पण त्यावर शेरी नावाची दारू शिंपडतात. त्यांची जेली जिलेटिनची, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेली. आपल्या बायकांनी हा पदार्थ घेतला, पण जसाच्या तसा घेतला नाही. शेरीच्या जागी फळाचा रस किंवा साखरेचा पाक आला. कोल्हापूरच्या प्रसिद्ध ‘कॉकटेल’चेही असेच आहे: नाव दारूचे, पेल्यात मात्र आईस्क्रीम आणि फळे!

जिलेटिनच्या जागी चायना ग्रास आले. नाव चीनचे असले तरी समुद्री शेवाळापासून ते करण्याची रीत सतराव्या शतकात जपानात निघाली. ते उकळत्या पाण्यातच विरघळते आणि सुमारे चाळीस अंशांवर, म्हणजे फ्रीजशिवायही, घट्ट होऊ लागते. पाण्याने भरलेल्या परातीत पातेले ठेवले तरी काम भागते. शिवाय कच्चा अननस जिलेटिनला जमू देत नाही. चायना ग्रासवर त्याचा परिणाम होत नाही. दुधात मात्र कच्चा अननस कडू होतो, म्हणून तो साखरेत शिजवूनच घालावा.

कस्टर्ड पावडरची गोष्टही अशीच. १८३७ साली इंग्लंडात आल्फ्रेड बर्ड याने पत्नीला अंडी सोसत नाहीत म्हणून बिनअंड्याचे कस्टर्ड शोधले. पुण्यात १९५६ साली सुरू झालेल्या वेकफिल्डने ती पावडर आपल्याकडे घरोघर नेली.

आज घरी हा केक करायला भट्टी लागत नाही. खोलगट भांड्यात दुधात बुडवलेल्या मारी बिस्किटांचा थर द्यावा. एक लिटर दुधापैकी थोड्या गार दुधात तीन चमचे कस्टर्ड पावडर कालवून, उरलेले दूध साखर घालून तापल्यावर ती त्यात शिजवावी. दहा ग्रॅम चायना ग्रास भिजवून, वेगळ्या पाण्यात पूर्ण विरघळवून, गरम असतानाच त्यात गाळून घालावे. निम्मे मिश्रण ओतून फळे पसरावीत, मग पुन्हा बिस्किटे आणि उरलेले मिश्रण. चार तास गार करून सुरीने वड्या पाडाव्यात.

या यादीत दारू नाही, जिलेटिन नाही, अंडेही नाही. २००१ पासून पाकिटांवर शाकाहार-मांसाहाराच्या खुणा आल्या, त्याच्या कितीतरी आधी आपल्या घरांत ही निवड होत होती. आपल्याला हलाल हवे होते, शेजारच्या जैन किंवा ब्राह्मण घराला शाकाहारी. दोन्ही अटी एकाच ताटात पाळायच्या म्हणजे दोघांचेही खाणे नीट माहीत असावे लागते. रुमालाखाली झाकून शेजारी गेलेल्या ताटामागे हे ज्ञान होते. दिवाळीला तेच ताट फराळाने भरून परत येई.

अलीकडे ताटांची ही ये-जा कमी झाली आहे. विकतचा केक आणणे सोपे, पण त्यात काय आहे ते शेजारणीला छातीठोकपणे सांगता येत नाही. ज्यांच्या घरात अजून खाला, फुफी, दादी आहेत, त्यांनी त्यांच्या हातच्या या रिती त्यांच्या नावानिशी वहीत उतरवून ठेवाव्यात. आपल्या इतिहासातले त्यांचे पान अजून कोरेच आहे.