दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, १८७९

दख्खन शेतकरी साहाय्य कायदा (१८७९ चा अधिनियम १७) हा ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारने मुंबई इलाख्यातील पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांतील कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी केलेला कायदा होय. तो १ नोव्हेंबर १८७९ पासून अंमलात आला. सावकार व कूळ यांच्यातील करार लिहिल्याप्रमाणे अंमलात आणणे एवढेच न्यायालयाचे काम, या तत्त्वावर त्या काळची दिवाणी न्यायपद्धती उभी होती. या कायद्याने त्या तत्त्वाला प्रथमच मोठी मुरड घातली. त्यामुळे ब्रिटिश न्यायधोरणावरील वादांत त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी

१८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दख्खनमध्ये जुनी पंचायत पद्धती शक्य तितकी टिकवण्याचे धोरण ठेवले होते. पंचायतीपुढे सावकाराला आपला दावा गावच्या माणसांसमोर मांडावा लागे, आणि वसुली बव्हंशी त्याच्या स्वतःच्या हिकमतीवर व गावातील वजनावर अवलंबून असे. १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेनंतर नियमित न्यायालयांचे प्रस्थ वाढत गेले व पंचायती मागे पडल्या. त्या संहितेतील दरसाल दर शेकडा १२ ही व्याजाची मर्यादा १८५५ च्या कायद्याने रद्द झाली. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने हुकूमनाम्याची बजावणी सोपी केली. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घातली.

मुदतीचा हा नियम ऋणकोच्या हितासाठी होता, पण घडले उलटेच. मुदत संपत आली की सावकार नवे खत लिहून घेई. त्यात थकलेले व्याज मुद्दल म्हणून धरले जाई आणि तेथून पुढे व्याजावर व्याज चढे. निरक्षर कुळाला खतातील मजकूर कळत नसे. दाव्याचे समन्स मिळाले तरी कामधंदा सोडून दूरच्या न्यायालयात जाणे त्याला परवडत नसे. म्हणून बहुतेक हुकूमनामे एकतर्फी होत. त्यांच्या जोरावर जमीन व गुरेढोरे जप्त होत आणि कर्जासाठी कैदही होऊ शके. भूमापन खात्यातील जॉर्ज विंगेट यांनी १८५२ मध्येच या परिस्थितीकडे सरकारचे लक्ष वेधले होते.

१८७५ चे दंगे व चौकशी

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले आणि कुळांना कर्जही सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. त्यातच १८६७ पासून सुधारित जमाबंदीने काही तालुक्यांतील सारा बराच वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमावाने सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला आणि ते लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. जमावांचा रोख मुख्यतः खते, हुकूमनामे व हिशेबाच्या वह्या यांवर होता आणि त्या मानाने शारीरिक इजा थोड्या झाल्या. सातारा जिल्ह्यात मात्र दंगे पसरले नाहीत. सप्टेंबर १८७५ मधील कुकरूड (आजच्या सांगली जिल्ह्यातील कोकरूड) येथील एकाकी प्रकार तेवढा नोंदला गेला.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. त्यात कायदे व न्यायालये यांच्यावरच दोषाचा मोठा भाग टाकला होता. आयोगाचे एक सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र जमीन महसुलाच्या आकारणीवर वेगळी व कडक टीका केली.

विधेयकावरील वाद

व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात विधेयक थिओडोर होप यांनी मांडले. वादाचे मूळ असे, की दोन सज्ञान व्यक्तींनी खुशीने केलेला करार न्यायालयाने उकलून पाहावा का? करारस्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्यांना हा पतपुरवठ्यावरील घाला वाटला. सावकार कर्ज देणे बंद करील आणि सारा भरण्याच्या वेळी कुळाची अधिकच कुचंबणा होईल, असे त्यांचे म्हणणे होते. उलट बाजूचे म्हणणे असे, की ज्याला खत वाचता येत नाही त्याची संमती ही संमतीच नव्हे.

पुण्याच्या सार्वजनिक सभेची भूमिका या दोहोंहून निराळी होती. सावकार हे दुखण्याचे लक्षण आहे, खरे कारण सरकारच्या साऱ्याची ताठर वसुली व भांडवलाची टंचाई हे आहे, असा सभेचा आणि न्या. महादेव गोविंद रानडे यांचा रोख होता. सरकारने सावकाराला जाब विचारावा आणि स्वतःच्या आकारणीला मात्र हात लावू नये, यातील विसंगती त्यांनी नेमकी हेरली होती. विल्यम वेडरबर्न यांनी १८८० च्या दशकात शेतकी पेढीची योजना पुढे आणली, पण ती मंजूर झाली नाही.

तरतुदी

कायद्याने न्यायालयाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा आरंभापासून इतिहास तपासण्याचा अधिकार, किंबहुना कर्तव्य दिले. हिशेबात मुद्दल व व्याज वेगळे धरायचे आणि थकलेले व्याज मुद्दलात मिळवायचे नाही, असा नियम होता. शेतकऱ्याला कर्जासाठी कैद करणे बंद झाले. स्पष्टपणे गहाण न ठेवलेली जमीन हुकूमनाम्यासाठी विकता येईना. हप्तेबंदीची सोय झाली. नोंदलेल्या खतांसाठी दाव्याची मुदत बारा वर्षे, तर इतरांसाठी सहा वर्षे करण्यात आली, म्हणजे दर तीन वर्षांनी खत बदलण्याचे निमित्त उरले नाही. पावती व हिशेबाचा उतारा देणे सावकारावर बंधनकारक झाले. लहान दाव्यांसाठी गावमुनसफ, दस्त नोंदवण्यासाठी गावनिबंधक आणि दाव्यापूर्वी तडजोड घडवण्यासाठी समेटकर्ते नेमण्याची तरतूद होती. समेटकर्त्यापुढे वकिलांना मज्जाव होता.

अंमलबजावणी

खालच्या न्यायालयांच्या तपासणीसाठी विशेष न्यायाधीश नेमला गेला. या कामावर प्रथम डॉ. पोलन होते. विधेयकावर टीका करणारे रानडे पुढे याच यंत्रणेत आले आणि १८८७ मध्ये विशेष न्यायाधीश झाले. न्यायालये तपासत त्यांनी केलेल्या फिरतीच्या आठवणी रमाबाई रानडे यांनी लिहून ठेवल्या आहेत.

समेटाची तरतूद सर्वांत दुबळी ठरली. दाव्यासाठी लागणारा दाखला मिळवण्याची ती एक पायरी होऊन बसली. सावकारांनी गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेण्याची वाट काढली, आणि पैसे फेडल्यास जमीन परत देण्याचे वचन तोंडीच राही. पुराव्याच्या सामान्य कायद्यानुसार असे तोंडी बोलणे ग्राह्य नव्हते. म्हणून नंतरच्या दुरुस्तीने (कलम १०-अ) व्यवहाराचे खरे स्वरूप तोंडी पुराव्यानेही तपासण्याची मुभा दिली. १८९१-९२ मध्ये एका आयोगाने कायद्याच्या परिणामांची पाहणी केली.

सातारा जिल्हा व मेढा

सातारा संस्थान १८४८ मध्ये खालसा झाले. त्यामुळे येथे ब्रिटिश न्यायालयांचा थेट अंमल पुणे-नगरच्या मानाने तीस वर्षांनी उशिरा आला. वेण्णा नदीकाठचे मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. नाचणी, वरी व भात पिकवणाऱ्या डोंगराळ मुलखात पावसाळ्यात न्यायालयापर्यंतची वाट हीच मोठी अडचण होती. दावा गावातच निवाडावा, ही कायद्यामागची कल्पना अशा तालुक्यांच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण होती.

पुढील काळ

कायद्याचा काही भाग पुढे मुंबई इलाख्यातील इतर जिल्ह्यांनाही लागू झाला. १९०१ मध्ये मुंबई सरकारने जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करून काही जमिनींच्या हस्तांतरणावर निर्बंध घातले. त्याला फिरोजशहा मेहता व गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदेमंडळात विरोध केला. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने पतपुरवठ्याच्या प्रश्नाला वेगळी दिशा दिली. शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणासाठी मुंबई प्रांताने १९३९ व १९४७ मध्ये नवे कायदे केले.